रस्त्याकडेचा दगड आणि त्याच्या मागचा डोंगर: पुण्याजवळ कॅमेरा घेऊन फिरताना काय आणि कसं बघायचं

पुण्यातून कुठल्याही दिशेला बाहेर पडा, नगर रोड, सासवड रोड, सोलापूर रोड, जुना मुंबई हायवे, काहीही, तासाभरात रस्त्याच्या कडेला कोणाची तरी आठवण उभी असतेच. कधी शेंदूर फासलेला दगड, कधी झाडाखाली तुळशी वृंदावनासारखी समाधी, कधी नुसता चुना लावलेला चौथरा. आपण ऐंशीच्या स्पीडने जाताना "असेल कुठलातरी देव" म्हणून पुढे निघतो, आणि जे थांबतात ते पण दगडाचा क्लोजअप मारतात, फिल्टर लावतात, संपलं. आता माझं म्हणणं एवढंच आहे की तो दगड त्याच जागी का आहे हे तुमच्या फोटोत आलं नाही तर फोटो अर्धाच झाला. नदीचा उतार, घाटाचं तोंड, गावाची वेस, दोन नद्यांचा संगम, यातलं काहीतरी जवळपास असतंच. त्यामुळे आधी जमीन बघायची, मग दगड, आणि कॅमेरा त्यानंतर. पुढचं सगळं या एका गोष्टीसाठीच लिहितोय.

आधी ओळखायला शिका

वीरगळ सगळ्यात जास्त दिसतात. लढाईत, नाहीतर गावची गुरं पळवून नेणाऱ्यांशी झुंजताना जो मेला त्याच्या आठवणीचा दगड. वाचायचा खालून वर, हे लक्षात ठेवा कारण आपण सवयीने वरून खाली बघतो आणि मग काही कळत नाही. सगळ्यात खालच्या चौकटीत लढाई असते, ढाल तलवार, कधी घोडा, कधी वीर आडवा पडलेला, आणि कोपऱ्यात गाई कोरल्या असतील तर समजायचं की गुरांसाठी झालेली मारामारी आहे. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर घेऊन चाललेल्या असतात. वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला, शेजारी पुजारी, आणि एकदम टोकाला चंद्र आणि सूर्य, म्हणजे ते आहेत तोपर्यंत याचं नाव राहणार. गंमत अशी की नाव मात्र बहुतेक दगडांवर नसतंच! आपल्याकडचे बरेचसे वीरगळ शिलाहार-यादव राजांच्या काळातले आणि त्यानंतरचे, आणि अक्षर कोरलेला वीरगळ सापडणं म्हणजे नशीबच.

त्याच्या शेजारी कोपरात काटकोनात वाकलेला, बांगड्या भरलेला हात आणि उघडा पंजा कोरलेला दगड दिसला तर ती सतीशिळा. आणि गाढव कोरलेला दगड दिसला तर तो गधेगळ, ते स्मारक नाही, जमिनीचं दान कोणी मोडलं तर त्याला घातलेली शिवी आहे, कोकणात जास्त दिसतात.

गावातली माणसं याला वीरगळ म्हणतीलच असं नाही. कुठे नुसतं "वीर" म्हणतात, कुठे म्हसोबा, कुठे मुंजा. नारळ फुटतो, अमावास्येला दिवा लागतो. तिथे जाऊन "अहो हा देव नाहीये, वीरगळ आहे" असं शिकवायला जाऊ नका, राव. पूजा होते म्हणूनच तो दगड अजून जागेवर आहे, नाहीतर कधीच कोणाच्या बांधात गेला असता.

हे झालं जुनं. पण मला विचाराल तर आपल्याकडची सगळ्यात जास्त स्मारकं आपण स्मारक म्हणून मोजतच नाही. पाणपोई बघा, एसटीची पिकअप शेड बघा, देवळासमोरचा सिमेंटचा बाक बघा, गावची कमान बघा, "कै. अमुक तमुक यांच्या स्मरणार्थ" लिहिलेलं नाही असं सहसा सापडणार नाही. रांजण फुटलेला असतो, नळ गेलेला असतो, पण नाव ऑइलपेंटने दरवर्षी परत रंगवलेलं असतं. त्या शेडमधे शाळेची पोरं एसटीची वाट बघत बसलेली असतील तर त्यापेक्षा भारी फ्रेम नाही, कारण स्मारक वापरात आहे हे दिसतं. फक्त मुलांना विचारल्याशिवाय चेहरे घेऊ नका, पाठमोरे घ्या, सावल्या घ्या.

अजून एक गोष्ट शोधत रहा. काही गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत इंग्रज सरकारने बसवलेला संगमरवरी दगड असतो, या गावातून इतके लोक 1914 ते 1919 च्या महायुद्धात गेले, त्यातले इतके परत आले नाहीत, असं लिहिलेला. नुसते आकडे. साताऱ्याकडे जास्त आहेत पण पुणे जिल्ह्यात पण बघायला मिळतात. कधी तो रंगाच्या थराखाली गेलेला असतो तेव्हा भिंतीकडे जरा तिरकं बघायचं, कोरलेली अक्षरं उजेडात उठतात.

चालत्या गाडीतून दिसणार कसं

स्पीड. साठच्या वर गेलात की हे सगळं गायब. चारपदरी रस्त्यावर तर काही दिसतच नाही, त्यामुळे जुना रस्ता शोधायचा. प्रत्येक मोठ्या हायवेच्या शेजारून तुकड्या तुकड्याने जुना रस्ता जात असतो, गावातून जाणारा, दोन्ही बाजूंनी वडाची झाडं असलेला. जिथे सगळी झाडं तोडली आणि एकच जुनं वड किंवा पिंपळ सोडलाय तिथे खाली नक्की काहीतरी आहे. शेंदराचा केशरी ठिपका लांबून दिसतो. भगवा झेंडा दिसतो. आणि रस्ता उगाच थोडा वळसा घेऊन परत सरळ झाला तर कोणासाठी तरी वळलाय असं समजायचं.

गावात शिरलात तर तीन ठिकाणं बघितल्याशिवाय निघू नका: मारुतीच्या देवळाचा पार, भैरवनाथाचं आवार आणि बारव, म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर, असेल तर ती. रस्ता रुंदीकरणात जे दगड उचलले जातात ते इथेच आणून भिंतीला टेकवून ठेवतात. म्हणून गावातल्या म्हाताऱ्या माणसाला एक प्रश्न विचारायचाच, "आजोबा, हे आधीपासून इथंच होतं का?" बऱ्याच वेळा उत्तर येतं की नाही, तिकडं ओढ्यापाशी होतं, रस्ता झाला तेव्हा आणलं. मग त्या ओढ्यापाशी जा आणि तिथला पण फोटो घ्या. रिकाम्या जागेचा. तुमच्या सगळ्या फोटोंत तोच सगळ्यात उपयोगाचा निघेल.

बाईकवर दोघं असाल तर बघायचं काम मागच्याचं आणि कॅमेरा पण मागच्याकडेच. चालवणाऱ्याने फक्त रस्ता बघायचा, हे जमणार नसेल तर एसटीने जा, खिडकीची सीट पकडा, खरंच सांगतोय, एसटीची खिडकी उंच असते आणि कुंपणापलीकडचं दिसतं. घाटातल्या वळणावर थांबू नका, पुलावर थांबू नका, आणि एक्सप्रेसवेवर तर थांबायला परवानगीच नाही. गाडी पुढे नेऊन लावा आणि चालत मागे या. चालत येतानाच निम्मं कळतं.

थांबल्यावर फोटो कोणत्या क्रमाने

पहिला फोटो किलोमीटरच्या दगडाचा नाहीतर गावाच्या पाटीचा. घरी आल्यावर सगळी गावं सारखी दिसतात. दगडाचा रंग पण बघून ठेवा, डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्य महामार्ग, केशरी असेल तर ग्रामसडक योजनेतला रस्ता. मोबाईलचं लोकेशन चालू ठेवा, कॅमेऱ्यात जीपीएस नसेल तर मोबाईलने एक फोटो जास्तीचा काढा.

दुसरा फोटो लांबून. पन्नास पावलं मागे जा, नाहीतर समोरच्या बांधावर चढा, आणि स्मारक फ्रेममधे छोटं ठेवा, मागे डोंगर, नदी, रस्ता जे असेल ते सगळं येऊ दे. मग चारी बाजूंना फिरून स्मारकाच्या पाठीमागून एक घ्या, म्हणजे तो दगड कुठे तोंड करून बघतोय ते येईल. हा फोटो कोणीच काढत नाही. त्यानंतर जवळ, पूर्ण दगड सरळ समोरून, कॅमेरा दगडाच्या मध्यावर येईल इतकं खाली बसून. मोबाईल असेल तर 0.5 वाली वाईड लेन्स नको, दगड वाकडा होतो, 1 एक्सवर ठेवा आणि मागे सरका. शेवटी एकेक चौकट आणि अक्षरं असतील तर अक्षरं. उंची कळावी म्हणून शेजारी काठी किंवा पाण्याची बाटली ठेवा, चप्पल नका ठेवू, आणि चौथऱ्यावर चढायचं असेल तर ती आधी खाली काढा.

उजेड

आपला दगड म्हणजे काळा बेसाल्ट. कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे म्हणून तो एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घ्यायचा उजेड, वाढवतो आणि दगड राखाडी, आकाश पांढरं होतं. एक्स्पोजर थोडं मायनसमधे न्या. शेंदूर किंवा ऑइलपेंट असेल तर अजून कमी करा, नाहीतर केशरी रंगाचा नुसता गोळा दिसतो, कोरीवकाम गेलं.

कोरीवकाम दिसायला ऊन बाजूने घासत जायला पाहिजे. सगळे सांगतात सकाळी लवकर जा, ते लॅण्डस्केपला बरोबर आहे, पण पूर्वेकडे तोंड असलेल्या वीरगळावर सकाळचं ऊन थेट समोरून पडतं आणि सगळं सपाट होतं. त्याच दगडावर अकरा-साडेअकराच्या सुमाराला, ऊन दगडावरून सरकून जायच्या जरा आधी, वरून घासून येतं आणि घोड्याचा लगाम पण दिसायला लागतो. म्हणून आधी दगडाचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते बघा आणि मग चहा कधी प्यायचा ते ठरवा. ढगाळ असेल किंवा दगड झाडाच्या दाट सावलीत असेल तर मोबाईलची टॉर्च एका बाजूने, दगडाच्या अगदी जवळ धरायची. नाहीतर गाडीच्या काचेला लावायचं ते चंदेरी सनशेड असतं ना, त्याने ऊन परतवून बाजूने टाका, फुकटातला रिफ्लेक्टर.

अक्षरं नीट दिसावीत म्हणून खडू घासणे, तेल लावणे, पाणी ओतणे, नाण्याने शेंदूर खरवडणे यातलं काहीही करायचं नाही. शेंदूर काढायचा का ठेवायचा हे गाव ठरवेल.

आता जमीन

खरं तर इथे सगळ्यात जास्त वेळ द्यायचा. नगर रोडने गेलात तर पेरणे फाट्याच्या पुढे जयस्तंभ लागतो. 1 जानेवारी 1818 ची ईस्ट इंडिया कंपनी आणि पेशव्यांची लढाई, स्तंभावर मेलेल्या सैनिकांची नावं, त्यातली "नाक" ने संपणारी नावं महार सैनिकांची, आणि 1 जानेवारी 1927 ला डॉ. आंबेडकर इथे आले होते तेव्हापासून या जागेचा अर्थच बदलला. पण बघा, स्तंभ भीमेच्या पुण्याकडच्या बाजूला आहे आणि ज्या गावात लढाई झाली ते कोरेगाव नदीच्या पलीकडे. बहुतेक फोटोंत नुसता स्तंभ आणि आकाश. एका फ्रेममधे स्तंभ, नदी आणि पलीकडचं गाव आणायचा प्रयत्न करा, मग कळतं की कंपनीची पलटण शिरूरकडून येत होती आणि मधे ही नदी आडवी होती. 1 जानेवारीला गेलात तर जमीन दिसणार नाही, माणसं दिसतील, तो वेगळा आणि फार मोठा विषय आहे, त्यासाठी कॅमेरा हलका न्या आणि चालायची तयारी ठेवा.

तिथून तुळापूर जवळच. भीमा, भामा आणि इंद्रायणी यांचा संगम. 1689 मधे संभाजी महाराजांना जिथे मारलं ती जागा म्हणून लोक येतात आणि समाधी वढू बुद्रुकला. दोन्हीकडे जा, आणि तुळापूरला घाटावर खाली उतरून पाण्याच्या पातळीवरून फोटो घ्या, वरून संगम कळत नाही.

जुन्या मुंबई हायवेला वडगाव मावळ. नोव्हेंबर 1778 मधे इंग्रज फौज राघोबादादाला गादीवर बसवायला मुंबईहून निघाली, बोरघाट चढून जानेवारी 1779 मधे तळेगावपर्यंत आली, तळेगाव मराठ्यांनी आधीच जाळून रिकामं केलेलं, मग माघार, आणि वडगावला महादजी शिंद्यांनी कोंडलं, 16 जानेवारीला तह. आता इथे महादजींचं स्मारक आहे ते सगळे बघतात. पण त्याच मोहिमेत कार्ल्याजवळ पडलेला कॅप्टन स्टुअर्ट, ज्याला आपल्या लोकांनी "इष्टुर फाकडा" नाव दिलं, त्या शत्रूचं थडगं पण वडगावातच आहे आणि लोकांनी त्याला चक्क मानलंय! फोटो घेताना मावळचं ते सपाट मैदान आणि दोन्ही बाजूंच्या डोंगररांगा येऊ द्या. फौज कोंडायला यापेक्षा चांगली जागा नाही हे न सांगता कळतं.

पुढे बोरघाटात शिंग्रोबाचं देऊळ. गोष्ट अशी सांगतात की शिंग्रोबा नावाच्या धनगराने इंग्रजांना घाटातून वाट काढायला मदत केली आणि बक्षीस म्हणून गोळी मिळाली. खरं खोटं असो, ट्रकवाले अजून जाता जाता नाणं टाकतात. इथे देवळाचा फोटो सगळ्यात कमी महत्त्वाचा. नाणं टाकणारा हात, खालचं वळण, दरीपलीकडे रेल्वेचा घाट जो 1863 ला सुरू झाला, एका वाटेसाठी किती जणांनी डोंगर फोडला ते दिसलं पाहिजे. पावसाळ्यात धुक्यात काही दिसत नाही आणि ट्रॅफिक पण भयंकर, ऑक्टोबर नोव्हेंबर बरा.

सासवड रोडला दिवे घाटात खाली मस्तानी तलाव दिसतो. घाटातून खाली बघताना तोंड पुण्याकडे असतं त्यामुळे संध्याकाळी सूर्य समोर येतो, सकाळी जा. वर पठारावर गेलं की पुरंदर दिसायला लागतो आणि त्याच्या पायथ्याला भिवडी, इंग्रजांविरुद्ध बंड करणाऱ्या उमाजी नाईकांचं गाव. त्यांना 3 फेब्रुवारी 1832 ला पुण्यात फाशी दिली. फाशीची जागा पुण्यात, मामलेदार कचेरीपाशी, रोज शेकडो गाड्या तिथून जातात. भिवडीत डोंगर आणि कचेरीपाशी गाड्या, असे दोन फोटो शेजारी शेजारी लावून बघा.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की सोलापूर रोडने पळसदेवला जा. उजनी धरणात गाव बुडालं आणि जुनं पळसनाथाचं देऊळ मे महिन्यात पाण्याबाहेर येतं, आवारात कोरीव दगड विखुरलेले. गाळात एकटं जाऊ नका, वरून वाळलेला दिसतो आणि पाय गुडघ्यापर्यंत जातो. गावातला मच्छीमार बरोबर घ्या आणि त्याच्या वेळेचे पैसे द्या.

कुठे कॅमेरा खाली ठेवायचा

30 जुलै 2014 ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव दरडीखाली गेलं, दीडशेच्या वर माणसं. गाव नाहीसं झालंय हे आधी लक्षात आलं ते एसटीच्या ड्रायव्हरच्या. भीमाशंकरला जाणारे बरेच जण आता "बघू तरी" म्हणून तिकडे वळतात. जायला हरकत नाही, पण ते पर्यटनस्थळ नाही, ज्यांची घरं गेली ती माणसं अजून तिथेच जवळ राहतात. सेल्फी नको, ड्रोन तर अजिबात नको. कोणी बोललं तर ऐका, कॅमेरा पिशवीत ठेवून. फोटो घ्यायचाच असेल तर डोंगराचा घ्या, तुटलेल्या कड्यावर आता गवत उगवलंय आणि तरी जखम दिसते, तेवढा एक पुरे.

तसंच अपघाताच्या जागी केलेले छोटे चौथरे, फोटोफ्रेम, हार. तारीख अलीकडची असेल तर नाव आणि चेहरा फ्रेमबाहेर. घरचे लोक तिथे असतील तर आधी नमस्कार, मग विचारणं, आणि नाही म्हणाले तर नाही. तुम्ही वळणाचा फोटो घ्या, त्या वळणाला कठडा आहे का नाही ते दाखवा, कदाचित कोणाच्या तरी कामाला येईल.

खडकवासल्याला एनडीएच्या बाजूला, खडकी आणि देहूरोडच्या लष्करी हद्दीत कॅमेरा काढू नका, पाटी नसली तरी. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित जागेत ट्रायपॉडला परवानगी लागते, मोबाईलला कोणी काही म्हणत नाही.

घरी आल्यावर

त्याच रात्री नोंद करा. गाव, तालुका, कशासमोर आहे, तोंड कुठल्या दिशेला, लोक काय म्हणतात, आधी कुठे होतं. लोकांनी सांगितलेलं "असं सांगतात" म्हणूनच लिहा, त्याला इतिहास करू नका. आणि एक शेवटचं, सुटा पडलेला वीरगळ सापडला तर त्याचा अचूक पिन सोशल मीडियावर टाकू नका, असे दगड रातोरात उचलले जातात आणि कोणाच्या तरी फार्महाऊसच्या लॉनवर जाऊन उभे राहतात. तालुक्याचं नाव पुरे. अचूक जागा गावच्या सरपंचाला आणि पुण्यात डेक्कन कॉलेजमधे किंवा भारत इतिहास संशोधक मंडळात नेऊन द्या, सोबत तो पन्नास पावलं मागे जाऊन काढलेला फोटो पण द्या.